लाइट गेल्यावर

वडगावात लाइट गेली की
सगळी गल्ली एकदम उघडी पडते.
माग थांबतात. धोटा अर्ध्या वाटेत.
सकाळपासून खटाखटाखाली दबलेली माणसं
खोकतात, कुणीतरी चहा सांगतं,
आणि तो बोलायला लागतो.

कुठल्या भाषेत बोलतो?
धारवाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
घरात विचारलेलं, कुठल्या तिठ्यावर पाय पडला,
कुणाच्या हातचं खाल्लंस.
अक्कानं सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं, कपाळभर भंडारा लावला.
तो तिथंही होता, रांगेत, माझ्या मागं.

मी आठवून सांगितलं:
शिव्या कानडीत.
हिशेब मराठीत. किती पावलं, किती घास,
समोरच्या खिडकीत किती डोळे.
रडतो तेव्हा कळत नाही कुठली.
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.
फायलीवर माझं नाव कानडीत,
भुजंग, तीन गोल अक्षरं.
मी मराठी शाळेतला, तेवढीच तीन वाचतो.

गोळ्या कुंद्याच्या डब्यात.
सकाळी पांढरी अर्धी, रात्री पिवळी दीड,
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सूजी, कमरेत.
अक्का डब्याचं झाकण वाजवते, मी समजतो.
डब्याला अजून तुपाचा वास आहे.
माझी जुनी पँट आता भाच्याला होते.
उशी ओली होते रात्री.
तुटलेला धागा सांधताना बोटं थरथरतात,
एका गाठीला तीन गाठींचा वेळ.
शेठ बघतात. अजून काही बोलले नाहीत,
किंवा बोलले, आणि मला वाटलं तो बोलला.
असं असतं हे.

एकदा सोडल्या होत्या. बरं वाटत होतं म्हणून.
ते बरं वाटणं गोळीचंच होतं
हे नंतर कळलं, दर वेळी नंतरच कळतं.
रुळावरून चालत देसूरला सापडलो, एका पायात चप्पल.
हवालदारानं कानडीत विचारलं,
मी मराठीत सांगितलं,
आणि तो आमच्या मधे दुभाष्या झाला.
माझं त्याला काय सांगितलं देव जाणे.
त्याचं मला सांगितलं, हा तुला पुरणार आहे.
हवालदार बिचारा पाणी पिणार का विचारत होता.
बाटली पुढं केलेली होती.
मी बघितलीच नाही, ऐकत राहिलो.

आता मी आधी ओठ बघतो.
कुणी काही म्हटलं की, हलले का?
टीव्ही बंद, अक्का झोपलेली, मग नाही.
फोन मी घेत नाही.
एक नोव्हेंबरला खोलीतच बसतो,
त्या दिवशी सगळेच ओठ हलतात,
दोन्ही बाजूंनी.

पण संध्याकाळची लाइट गेली तर
ओठ कुठले?
हे मी पद्मण्णाला कधीतरी बोललो होतो,
कांड्या भरता भरता, सांगायचं म्हणून नाही.
तो काही म्हणाला नव्हता.

काल सातला गेली.
मी पायरीवर. तो सुरू झाला, आधी हिशेब.
मग पद्मण्णा शेजारी येऊन टेकला,
मोबाईलची बॅटरी लावली,
स्वतःच्या हनुवटीखाली धरली,
भुतासारखा दिसायला लागला,
आणि म्हणाला,
"ऊटा आतेनु, भुजंगा?"

मी म्हटलं, नाही अजून.
तोही काहीतरी म्हणाला.
पद्मण्णानं उजेड तसाच धरला,
तोंडावर डास यायला लागले तरी,
आणि विचारत राहिला, भाकरी की भात,
आमटी कसली, अक्काचा गुडघा कसाय.

लाइट यायला पाऊण तास लागला.